एका मोडक्या मोटारीचें मोल

इतिहासाच्या अध्यापकाला मोटारींतलें काय कळतें, हा प्रश्न प्रथम माझ्या धाकट्या बहिणीनें विचारला, आणि लगेच तिनेंच मला त्या भानगडींत ओढलें. तिचा मुलगा नोकरीच्या निमित्तानें गेलीं सहा वर्षें इंग्लंडांत, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस अबिंग्डन गांवीं राहतो. त्याच्या शेजारीं एका विधवा बाईंच्या आवारांत १९७२ सालची एक उघडी स्पोर्ट्स मोटार जवळजवळ पंचवीस वर्षें झांकून पडली होती. बाईंना घर विकून मुलीकडे राहावयास जावयाचें होतें. गाडी भंगारवाल्याच्या हातीं न जातां कोणी हौशी माणसानें न्यावी अशी त्यांची इच्छा होती, व किंमत त्यांनीं अडीच हजार पौंड सांगितली होती. भाच्याचा जीव त्या गाडींत अडकला. "दादा, तूं व्याख्यानासाठीं तिकडे जातोच आहेस," बहीण मला म्हणाली, "तर त्याचें डोकें जरा ठिकाणावर आण. लग्नाचें वय झालें, आणि हा गंजक्या पत्र्याच्या मागें लागला आहे."

मी गेलों तो त्याला परावृत्त करण्याच्या तयारीनेंच गेलों. मोडकी मोटार घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च भाच्याच्या विरुद्ध होता. पण तेथें गेल्यावर चार दिवसांतच मला असें वाटूं लागलें कीं, हा प्रश्न थोडाबहुत माझ्याहि विषयांतला आहे. कारण जुनी वस्तु घेणारा मनुष्य नेमकें काय विकत घेतो, हें ठरविल्यावांचून त्या जमाखर्चाची पहिली रक्कमच मांडतां येत नाहीं.

जुन्या मोटारीला मोल असूं शकतें ही कल्पना मुळीं फारशी जुनी नाहीं. घोडा म्हातारा झाला म्हणून त्याची किंमत वाढत नसते. आणि मोटार ही प्रारंभीं लोकांच्या दृष्टीनें दाणावैरण न मागणारा घोडाच होती. काम देईनाशी झाली कीं ती भंगारांत जावयाची. इंग्लंडांत १९३० सालीं अगदीं आरंभकाळच्या मोटारी जतन करणाऱ्यांचा एक क्लब निघाला, आणि १९३४ मध्यें दुसरा, 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब'. या दुसऱ्या क्लबाची मंडळी फारशी श्रीमंत नव्हती. अलीकडच्या मोटारींत पूर्वीचा कस राहिला नाहीं अशी मात्र त्यांची ठाम समजूत होती, आणि म्हणून १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच त्यांनीं मानाचें पान दिलें. म्हणजे अवघ्या चार वर्षांपूर्वीच्या वस्तूला त्यांनीं प्राचीनत्व बहाल केलें! आम्ही इतिहासवाले एखाद्या नाण्याला प्राचीन म्हणण्यापूर्वीं याहून अधिक विचार करतों. तथापि त्या अल्पवित्त हौशी लोकांचें ऋण मान्य केलें पाहिजे. जी वस्तु बाजाराच्या मतें निरुपयोगी, तींत कांहीं राखून ठेवण्याजोगें आहे असें प्रथम त्यांनीं म्हटलें. श्रीमंत लोक व लिलाववाले मागाहून आले.

भाच्याच्या मनांत भरलेली गाडी 'एमजीबी' या जातीची. पहिलीं दोन अक्षरें 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचीं. विल्यम मॉरिस हा सायकलींच्या दुरुस्तीपासून वर आलेला ऑक्सफर्डचा कारखानदार. त्याच्या मोटारी विकणारी व दुरुस्त करणारी पेढी ती मॉरिस गॅरेजेस. तेथें १९२१ सालीं सिसिल किंबर हा विक्रीव्यवस्थापक म्हणून आला, व पुढच्याच वर्षीं सर्व कारभार त्याच्याकडे आला. किंबरची युक्ति साधी होती. मॉरिसच्या साध्यासुध्या संसारी मोटारीचा सांगाडा घ्यावयाचा, इंजिनावर थोडे संस्कार करावयाचे, आणि वर देखणें, हलकें अंग चढवावयाचें. १९२८ सालच्या लंडनच्या मोटारप्रदर्शनांत त्यानें 'मिजेट' नांवाची चिमुकली गाडी मांडली. सांगाडा मॉरिस मायनरचा, इंजिन अवघें ८४७ घनसेंटिमीटरचें, अंग लांकडी चौकटीवर कापड ताणून केलेलें, आणि किंमत १७५ पौंड. तोंवर स्पोर्ट्स मोटार ही जहागीरदारांच्या मुलांची चैन होती. ती या गाडीनें बँकेंतल्या कारकुनाच्या स्वप्नांत तरी आणून सोडली.

१९२९ मध्यें कारखाना अबिंग्डनला, कातडें कमावण्याच्या एका कारखान्याच्या रिकाम्या पडलेल्या भागांत गेला. तेथल्या टेलिफोनचा क्रमांक २५१ होता, म्हणून पुढें कित्येक नव्या जातींच्या पहिल्या गाडीला १ हा क्रमांक न देतां २५१ देत. आमच्याकडे शुभकार्यांत रकमेवर एक रुपया चढवितात त्याच जातीची ही श्रद्धा म्हणावयाची! १९३३ सालीं नुव्होलारी या प्रख्यात इटालियन शर्यतवीरानें अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी याच कारखान्याच्या गाडींतून जिंकली. परंतु १९३५ मध्यें वरिष्ठांनीं शर्यतीचा विभाग बंद केला. १९४१ मध्यें खुद्द किंबरलाच घरीं बसविलें. आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातांत तो मरण पावला. युद्ध संपतांच 'टीसी' नांवाची जी गाडी निघाली, व जिनें पुढें अमेरिकेस या नांवाचें वेड लावलें, ती त्यानें पाहिली नाहीं. १९४५ ते १९४९ या काळांत टीसी सुमारें दहा हजार बनल्या. सुकाणूचें चाक सर्वांचें उजवीकडेच, तरी त्यांतल्या सुमारें दोन हजार अमेरिकेंत खपल्या.

एमजीबी ही त्या घराण्याची सर्वांत मोठी शाखा. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या अबिंग्डनमध्यें जोडल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेस रवाना झाल्या. १९७९ च्या सप्टेंबरांत गांवानें कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला, आणि तो आटोपतो न आटोपतो तोंच कारखाना बंद होणार असल्याचें मालक कंपनीनें जाहीर केलें. १९८० च्या ऑक्टोबरांत शेवटची गाडी बाहेर पडली. नांव मात्र हातोहात फिरत राहिलें. २००५ मध्यें तें चिनी कंपनीकडे गेलें, आणि २०१९ पासून गुजरातेंतील हालोल येथें बनणाऱ्या गाड्यांवर तें अष्टकोनी चिन्ह पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर हिंडूं लागलें. आमच्या सोसायटींत अशी एक गाडी आहे. तिच्या मालकाला मीं किंबरची गोष्ट सांगितली, तेव्हां त्यानें सौजन्यानें मान हालविली व तिचें छप्पर कसें उघडतें तें मला दाखविलें.

इतकें घराणें सांगण्याचें कारण असें कीं, गाडी घेण्या-न घेण्याचा निर्णय या इतिहासांतच दडलेला आहे. किंबरची युक्ति शेवटपर्यंत चालूं राहिली होती. एमजीबीचें इंजिन हें खास शर्यतीचें इंजिन नव्हे; तें त्या काळच्या ब्रिटिश संसारी मोटारींच्या इंजिनाचें भावंड. आपल्याला तर तें परकेंहि नाहीं. आपल्या ॲम्बेसेडरचें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचें १७९८ चें इंजिन हीं एकाच कुळांतलीं. ज्यांनीं एकेकाळीं ॲम्बेसेडरचें बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला घाम गाळला आहे त्यांना एमजीबीचें बॉनेट उघडल्यावर दूरच्या नातलगाच्या घरीं आल्यासारखें वाटेल. मला तसें वाटलें. अशा इंजिनाचे सुटे भाग इंग्लंडांत आजहि मुबलक व स्वस्त मिळतात. म्हणूनच तें चालतें कीं बंद आहे, हा नवख्याचा पहिला प्रश्न या गाडीच्या बाबतींत सर्वांत गौण ठरतो.

हें मला समजावून सांगितलें तें एका वृद्ध सद्गृहस्थांनीं. सोळाव्या वर्षीं ते अबिंग्डनच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागले होते, व तो बंद झाला तेव्हांच बाहेर पडले होते. भाच्यानें त्यांना गाडी पाहण्यासाठीं बरोबर घेतलें. बाईंनीं लांकडी गॅरेजाचें दार उघडलें, ताडपत्री काढली, आणि आंत धुळीच्या थराखालीं मंदपणें चमकणारी ती तांबडी, बुटकी, लांब नाकाची गाडी दिसली. ती सुंदर होती हें मला कबूल केलें पाहिजे. एका कोपऱ्यांत उंदरांनीं आसनांतला काथ्या ओढून घर केलें होतें, टायर बसले होते, कापडी टप हात लावतांच फाटला. तरी ती सुंदर होती. भाच्यानें बॉनेटाकडे हात नेला. म्हातारे म्हणाले, "तें मागून. आधीं गुडघे टेका."

दाराच्या खालीं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पेटीवजा पत्र्याची पट्टी जाते, तिला इंग्रजींत 'सिल' म्हणतात. आपण तिला उंबरा म्हणूं. जुन्या गाड्यांना खालीं लोखंडी सांगाडा वेगळा असे व अंग त्याच्यावर ठेवलेलें असे. अंग सडलें तरी सांगाडा उभा राही. एमजीबींत हा वेगळा सांगाडा काढून टाकला आणि अंगालाच सांगाड्याचें काम दिलें. त्यामुळें गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, बसावयाला जागाहि अधिक झाली. पण उघड्या गाडीला छप्पर नसतें. आगपेटीचें वरचें टरफल काढून आंतला खण दोन्ही हातांनीं पिळून पाहावा, म्हणजे छप्पर काढल्यानें काय होतें तें कळेल. तो पीळ सोसावयाचें ओझें मुख्यतः त्या दोन उंबऱ्यांवर पडतें, म्हणून ते एकेरी न करतां आंत एक, बाहेर एक आणि मध्यें एक असे पत्रे झाळून केलेले असतात. बाहेरून दिसतो तो फक्त शेवटचा पत्रा. आंतलें पोकळ अंधारें घर कोणाला दिसत नाहीं. हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून इंग्लंडांत रस्त्यांवर मीठ टाकतात. तें खारें पाणी चाकांनीं उडून आंत शिरतें, चिखलानें पाणी जाण्याचीं भोंकें बुजतात, आणि पत्रा आंतून बाहेर असा कुजत येतो. वरच्या रंगाला त्याची वार्ता सर्वांत शेवटीं लागते.

म्हाताऱ्यांनीं खिशांतून कापडांत गुंडाळलेला एक लहानसा लोहचुंबक काढला व तो उंबऱ्यावरून सावकाश फिरविला. उजव्या बाजूला तो सर्वत्र चिकटला. डाव्या बाजूला दाराच्या मागच्या खालच्या कोपऱ्याशीं येतांच सुटून खालीं पडला. तेथें पत्रा नव्हताच. लांबी भरून वर रंग दिलेला होता. मग त्यांनीं दार उघडून मिटून दाखविलें. तें नीट मिटलें. नंतर जॅक लावून डावी बाजू चार बोटें उचलली आणि भाच्याला पुन्हां दार उघडावयास सांगितलें. दार उघडेना. गाडी मध्यें किंचित् खचली होती, आणि दारानें वरच्या फटींत दांत रोवले होते. उजवीकडे हाच प्रयोग केला तेव्हां दार निमूटपणें उघडलें. म्हाताऱ्यांनीं डावीकडच्या आसनापुढचा गालिचा उचलून पेचकस हलकेच टेकविला. तो तळाच्या पत्र्यांतून आरपार गेला. बाकीची तपासणी लवकर आटोपली. आसनांच्या मागें सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या आम्लानें खाल्लेल्या होत्या, मागच्या कमानपाट्यांचीं टोकें जेथें अडकवितात ती जागा डावीकडे शंकास्पद होती, ब्रेकांत दम नव्हता. इंजिन हातानें फिरलें, तेव्हां भाच्याचा चेहरा फुलला. म्हाताऱ्यांनीं त्याची दखलहि घेतली नाहीं.

डाव्या उंबऱ्याची कथा गॅरेजाच्या दिव्यांत वाचतां येत होती. इंग्लंडांत आपल्यासारखेंच डाव्या हातानें चालतात, म्हणून रस्त्याच्या कडेच्या गटाराचें पाणी त्याच बाजूला अधिक. कधीं तरी तो उंबरा कुजला असावा. कोणी तरी सडका पत्रा न कापतां त्याच्यावरच नवा पत्रा झाळला, फट लांबीनें बुजविली, आणि तपासनिसाच्या पुढें गाडी उभी केली. क्षतावर रेशमी वस्त्र पांघरल्यासारखी ही दुरुस्ती. तिच्या आड आंतला भाग दुप्पट वेगानें सडला. माझ्या धंद्यांत अशीं कांहीं संपादित पोथ्यापुस्तकें आहेत कीं, त्यांच्या बाबतींत मला हेंच म्हणावयाचें असतें. पण तो विषय वेगळा.

रात्रीं जेवतांना भाच्यानें कागदावर आकडे मांडले. दोन्ही उंबरे, तळाचे पत्रे, रंग, ब्रेक, टायर, टप, विजेच्या तारा हें सर्व धंदेवाईक कारागिराकडून करवून घेतलें, तर खर्च तशाच जातीच्या चांगल्या, चालत्या गाडीच्या किंमतीच्या दुपटीपलीकडे सहज जातो. दुसरा मार्ग नवा सांगाडा घेण्याचा. १९८८ सालीं एमजीबीचे मूळचे साचे शोधून काढून ऑक्सफर्डजवळ तिचें संपूर्ण अंग नव्यानें बनवावयास सुरुवात झाली. कारखाना बंद पडल्यावर आठ वर्षांनीं गाडीचा देह पुन्हां जन्मास आला, ही मोटारींच्या इतिहासांतली एक अपूर्वच घटना. असें अंग आणावें, आणि जुन्या गाडीचें इंजिन, चाकें, दिवे, घड्याळें त्यांत बसवावीं. पण त्या नुसत्या अंगाच्या किंमतींत एक बरी चालती एमजीबी दारांत उभी राहते. चाळीस वर्षांवरील गाडीस तेथें रस्त्याचा कर नाहीं व वार्षिक तपासणीची सक्तीहि नाहीं. एवढीच काय ती बचत. 'घर पाहावें बांधून' असें म्हणणाऱ्यानें अशी मोटार दुरुस्त करून पाहिली नव्हती.

"मग नाहीं म्हणूं?" भाच्यानें विचारलें. "मामा, पण नवें अंग आणलें तर ती हीच गाडी राहील का?"

या प्रश्नासाठीं मी तयार होऊन गेलों नव्हतों. पण इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढें तो १९९० सालींच येऊन गेला होता. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' या नांवानें प्रसिद्ध असलेली शर्यतीची मोटार १९२९ व १९३० अशा लागोपाठ दोन वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढें तिच्यांत अनेक फेरफार झाले. १९३२ मध्यें तिला आठ लिटरचें मोठें इंजिन बसविलें. त्याच वर्षीं ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर तिला भयंकर अपघात होऊन चालक ठार झाला. नंतर ती पुन्हां बांधली व तिला निराळेंच अंग दिलें. १९८९ च्या सुमारास जुन्या मोटारींच्या भावांना जी वेडी तेजी आली होती, तिच्या ऐन भरांत ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. मग खरेदीदार मागें सरला. त्याचें म्हणणें, १९२९ च्या गाडींतलें हिच्यांत जवळजवळ कांहीं उरलेलें नाहीं, म्हणून ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ति ऑटन यांनीं भागांची मोजदाद ऐकून घेतली आणि तरीहि विक्रेत्याच्या बाजूनें निकाल दिला. ल मां जिंकणारी तीच गाडी जशीच्या तशी समोर आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं. पण तिचा इतिहास कोठें तुटलेला नाहीं, एका रूपांतून दुसऱ्या रूपांत ती सतत जात राहिली, दुसरी कोणतीहि गाडी त्या नांवावर हक्क सांगूं शकत नाहीं, म्हणून तें नांव तिचेंच, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

मला हा निकाल वाचतांना आमचा 'जीर्णोद्धार' हा शब्द आठवला. अहल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास काशींत विश्वेश्वराचें मंदिर बांधलें, त्यांतला दगड जुन्या मंदिराचा नव्हता. पण तेथें दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूला आपण नव्या देवळांत जात आहों असें वाटलें नाहीं. आमच्या बखरींचेंहि तसेंच. लेखकाच्या हातचा कागद बहुतेकींचा नाहींसा झाला आहे. नकलेची नक्कल उरली आहे, आणि आम्ही तीस मूळ बखर म्हणूनच वापरतों. या न्यायानें भाच्याच्या प्रश्नाला माझें उत्तर होकारार्थी होतें. नवें अंग चढविलें तरी, क्रम तुटला नाहीं तर गाडी तीच.

परंतु याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि तें मला अधिक अडचणीचें वाटतें. स्वित्झर्लंडमधील अस्कोना येथें माज्जोरे सरोवरांत १९३६ सालीं एक बुगाटी मोटार पाण्यांत सोडून देण्यांत आली. ती १९२५ ची, हलकी, चपळ जातीची. तिच्यावरची जकात भरलेली नव्हती, आणि मालक निघून गेलेला. प्रथम ती सांखळीला बांधलेली होती. सांखळी गंजून तुटली आणि गाडी ५३ मीटर खोल तळाशीं गेली. १९६७ मध्यें ती पाणबुड्यांना दिसली, व २००९ च्या जुलैंत वर काढली. पुढच्या जानेवारींत पॅरिसच्या लिलावांत ती २,६०,५०० युरोंना गेली. तें धन त्या भागांतील एका तरुणाच्या खुनानंतर तरुणांतील हिंसाचाराविरुद्ध काढलेल्या निधीला मिळालें. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानें ती दुरुस्त केली नाहीं. एक बाजू खाऊन गेलेली, शेवाळ व गंज यांनीं माखलेली अशीच ती त्यानें आपल्या संग्रहालयांत मांडली. येथें मोल आलें तें उपेक्षेलाच! चिखलांतलीं त्र्याहत्तर वर्षें हाच तिचा इतिहास. ती घासून पुसून चालती केली असती तर एक साधारण दुरुस्त बुगाटी उरली असती, आणि तशा अनेक आहेत.

मग आपल्या तांबड्या गाडीचा गंज कां काढावा? याचें उत्तर मला दोन दिवस सुचलें नाहीं, आणि सुचलें तें अगदीं बाळबोध होतें. बुगाटीच्या गंजाला साक्षीदार आहेत. सरोवर, जकात, सांखळी हें सर्व त्यांत लिहिलेलें आहे. आमच्या डाव्या उंबऱ्यांतल्या गंजांत एका आळशी कारागिराची लबाडी तेवढी लिहिलेली आहे. ती जपण्याचें कारण नाहीं. शिवाय संग्राहकाला गाडी पाहावयाची होती. भाच्याला ती चालवावयाची होती.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही पुन्हां बाईंकडे गेलों. त्यांनीं चहा केला व एक पुठ्ठ्याची पेटी आणून ठेवली. तींत गाडीचीं सर्व कागदपत्रें, पेट्रोलाच्या पावत्यांपासून, वर्षवार लावून ठेवलेलीं होतीं. त्यांच्या यजमानांनीं गाडी १९७६ मध्यें दुसऱ्या हातची घेतली. दोन मुलांना मागच्या अरुंद फळीवर बसवून ते समुद्रावर जात. पुढें गुडघे दुखूं लागले, खालीं बसून काम होईना, तेव्हां "पुढच्या उन्हाळ्यांत काढूं" म्हणून त्यांनीं ती झांकली. तीन वर्षांपूर्वीं ते वारले. त्यांना डाव्या उंबऱ्याची गोष्ट ठाऊक होती का, असें विचारण्याचें मला धैर्य झालें नाहीं. पेटींत १९८४ मधली एका गॅरेजची पावती होती व तींत डाव्या बाजूच्या कामाचे पैसे चोख घेतलेले होते. फसला तो तो मनुष्य होता.

मीं भाच्याला माझें मत सांगितलें. पैसे गुंतवावे म्हणून घेणार असशील तर घेऊं नको. हा धंदा बुडीत आहे. चालवावयाला म्हणून घेणार असशील तरीहि घेऊं नको. त्याच पैशांत चालती मिळते, व शहाणा मनुष्य दुसऱ्यानें खर्च करून दुरुस्त केलेली घेतो. कापणें, झाळणें हें सर्व स्वतः शिकून दोन-तीन हिंवाळे त्यांत घालविण्याची तयारी असेल, आणि उंबरे आंतून बाहेरपर्यंत उघडे करण्याची हिंमत असेल, तर मात्र घे. आणि बाईंशीं भावाची घासाघीस करूं नको. डावी बाजू कशी आहे हें त्यांना सांग आणि त्या काय म्हणतात तें ऐक. त्यानें सांगितलें. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या कीं पंधराशे द्या, पण पहिल्या दिवशीं मला तिच्यांतून फिरवून आणा.

बहिणीला अर्थात् हें मुळींच आवडलें नाहीं. मला पाठविलें तें कशासाठीं, आणि मी करून आलों काय, असें ती अजून म्हणते.

त्याला आतां दीड वर्ष झालें. कापण्यापूर्वीं गाडीचा आकार बिघडूं नये म्हणून दाराच्या जागीं आडवा लोखंडी दांडा झाळतात; तो झाळून म्हाताऱ्यांच्या देखरेखीखालीं भाच्यानें डावा उंबरा काढला. आंतून, तो लिहितो, दोन घमेलीं गंजाचा चुरा निघाला. गेल्या महिन्यांत त्याचें एक पत्र आलें. गेडन येथील मोटारसंग्रहालयांत कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. तेथून त्यानें आपल्या गाडीचा उतारा मागविला होता. त्यांत ती पांढऱ्या रंगाची म्हणून नोंदलेली आहे. दारावरचा रंग खरवडतां तांबड्याखालीं पांढरा निघालाहि. बाईंना विचारतां त्या म्हणाल्या, पांढरी गाडी दवाखान्यांतल्या कपाटासारखी दिसते असें मीं एकदां बोललें, तेव्हां यजमानांनीं १९७९ मध्यें आपल्या हातानें ती तांबडी केली. क्लबांतल्या जाणत्यांचें मत मूळचाच रंग द्यावा असें आहे. तसें केल्यास पुढेंमागें किंमतहि अधिक येईल. मामांचें मत काय?

कागदपत्रांतला पुरावा हा माझा आयुष्यभराचा धंदा, आणि कारखान्याच्या वहीसारखा समकालीन, निःस्वार्थी पुरावा आम्हांला क्वचितच मिळतो. तरी मीं त्याला तांबडा लाव म्हणून लिहिलें. कारखान्यांत ती पांढरी सात वर्षें होती, त्या घरांत तांबडी चाळीस वर्षांहून अधिक. आणि पहिल्या दिवशीं तिच्यांत बसणार आहेत त्या बाई आहेत, क्लबांतले जाणते नव्हेत. उत्तर अजून आलेलें नाहीं. काम आतां मागच्या कमानपाट्यांच्या टोकापर्यंत पोहोंचलें आहे व तेथेंहि पत्रा नवा घालावा लागणार आहे, एवढें मात्र बहिणीकडून कळलें.